डॉ. गुर्जरांची प्रमाण पद्धत

पुण्यात चार प्रयोगशाळांची बैठक भरली होती. एकाच प्रथिनावर फॉस्फेट किती चिकटलंय, याचं उत्तर प्रत्येकीचं वेगळं येत होतं. सगळ्यांची पद्धत एक झाल्याशिवाय नव्या औषधाचं काम पुढे सरकणार नव्हतं.

ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. गुर्जर गरजले, "चर्चा कसली करताय? आमची पद्धत प्रमाण माना. चुकतात ते बाकीचे!"

बैठकीच्या संयोजक डॉ. शर्वाणी येवले हसून म्हणाल्या, "मानू की सर. आधी हे दोन नमुने तेवढे तपासून द्या."

पुढच्या बैठकीत गुर्जरांनी ऐटीत निकाल वाचला. "पहिल्यात फॉस्फेट भरपूर, दुसऱ्यात जेमतेम. आहे कुणाला शंका?"

"मुळीच नाही," शर्वाणी म्हणाल्या. "फक्त दोन्ही नळ्या मी एकाच बाटलीतून भरल्या होत्या. तुमची पद्धत मान्य आहे सर, पण तिचं पहिलं उत्तर प्रमाण मानायचं की दुसरं?"

सभागृहात हशा पिकला. गुर्जर लालबुंद झाले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "दुसरी नळी आमच्याकडे दुपारभर बर्फाबाहेर राहिली, उबेत फॉस्फेट सुटून गेलं, तिथेच घोळ झाला. लिहून घ्या, सगळ्यांसाठी पहिला नियम बर्फाचा!"