चाकाखालचा दगड

घाटातल्या स्टँडवर, उतारावर, प्रवाशांनी भरलेली बस उभी होती. ड्रायव्हर रंगनाथ खिलारे म्हणाला, "साहेब, ब्रेक दाबला की पार तळाला जातोय. गाडी तपासायला हवी."

"कामाचा कंटाळा आला की बरे ब्रेक आठवतात!" डेपो मॅनेजर इंगवले गरजले. "ब्रेक ठणठणीत आहेत. काढ गाडी!"

"बरं. मी ब्रेक दाबून बसतो, तुम्ही चाकाखालचा दगड काढा. पुढे उतारावर तुमचीच नवी मोटार उभी आहे."

साहेब दगडाशी वाकले आणि तसेच ताठ झाले. "थांब! नको!"

"साहेब, तुमची मोटार तर रिकामी आहे. माझ्या गाडीत माणसं बसलीत."

साहेबांनी लगेच फिटर बोलावला. ब्रेकचा पाइप फुटलेला निघाला.

प्रवासी बायांनी त्या दगडाला हळदकुंकू वाहिलं. नारळ मात्र साहेबांनी स्वतः फोडला आणि पहिला प्रसाद रंगनाथच्या हातावर ठेवला.