शिंगाचं माप

गडावर शिपाई राहायचे आणि गडाखालच्या वाडीत त्यांचे बार भरणारे. बार म्हणजे बंदुकीचा एका वेळचा घास. कागदाची सुरळी करायची, तळाशी शिशाची गोळी ठेवायची, वर मापभर बंदुकीची दारू ओतायची आणि तोंड दोऱ्यानं बांधून टाकायचं. शिपायानं पुडी फोडली, नळीत रिकामी केली, ठासणीनं ठासली, की बंदूक तयार.

हे काम वाडीत घरोघर चाले. गोळ्यांचा साचा घरचा, दारू घरची, दोऱ्याला लावायचं मेण घरचं, माप घरचं. शिपायांनी सरावात उडवलेल्या गोळ्याही वाया जात नसत. बायका निशाणामागचा मातीचा ढीग चाळून शिसं वेचून आणत आणि तेच वितळवून पुन्हा गोळ्या ओतत. चूल मात्र अंगणाच्या पार पलीकडे. ज्या ओसरीवर दारू मांडली असेल तिथे चिलीम ओढायची कुणाची टाप नव्हती. आणि माप हातात असताना बोलायचं नाही, ही वाडीची रीत. पाहुणा आला तरी पायरीवर थांबे. पुडीला गाठ बसली की मग रामराम.

या वाडीत हैबती आणि सटवाजी समोरासमोर राहत. मधे एक अंगण, एवढंच अंतर.

सटवाजीचे बार नेमके जात. एक जसा, तसा दुसरा. किल्लेदार त्याच्या पुड्या मोठ्या बुरुजासाठी राखून ठेवी. हैबतीच्या पुड्यांचा काही भरवसा नसे. एक गोळी निशाणाच्या अलीकडे पडे, दुसरी निशाणावरून निघून जाई. किल्लेदार त्या हातात घेऊन म्हणे, "ह्या लग्नावरातीला ठेवा. आवाज झकास करतात." शिपाई हसत. हैबतीचा धाकटा भाऊ भिवा, तोसुद्धा तोंड फिरवून हसे. हैबतीला ते हसू जेवताना आठवे आणि ताटातली भाकरी तशीच राही.

आता गंमत बघा. हैबती काही अडाणी नव्हता. दारू करण्यात त्याचा हात वाडीत कुणी धरला नसता. त्याच्या घराण्याची दारू बारीक दाण्याची, तिखट, ठिणगी लागायचा अवकाश की भडकणारी. सटवाजीची दारू जाड दाण्याची, मंद. म्हणून हैबतीच्या आजोबांनी शिंगाचं माप कापलं ते लहान, अंगठ्याएवढं. सटवाजीच्या घरचं माप त्याच्या दुप्पट. दोन्ही बरोबर होती, आपापल्या दारूपुरती. पण हैबती वडिलांकडून रीत शिकला होता. रीत का पडली ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

मग त्याचे बार चुकत का? अहो, चुकणार नाहीत तर काय! माप भरायचं आणि वरचा दाणा बोटानं सपाट करायचा, एवढंच तर काम. पण हैबतीचं बोट मापावर असे आणि डोळे समोरच्या ओसरीवर. सटवाजीकडे कोण आलं? किल्लेदाराचा माणूस का? काय बोलतोय? हसतोय का? तेवढ्यात एका पुडीत दारू उतू जाई, दुसरीत कमी पडे. सटवाजी आपला मान खाली घालून पुड्या भरत राही. समोर कुणी आपल्याकडे बघून जळतंय, याचा त्याला पत्ताही नसे.

त्या वर्षी किल्लेदारानं दवंडी पिटवली. दसऱ्याच्या आधी कसोटी होईल. ज्याचा बार खरा उतरेल त्याच्या हाती दारूखान्याची चावी.

ही चावी पूर्वी हैबतीच्या वडिलांकडे होती. ते वारले तेव्हा किल्लेदारानं ती गडावर परत नेली आणि म्हणाला, "पोरगा तयार झाला की बघू." तेव्हापासून हैबती वाट बघत होता. वडिलांच्या कमरेची चावी समोरच्या माणसाच्या कमरेला दिसणार, या विचारानं तो आतून पेटला.

कसोटीचीही एक रीत होती. पहिला बार भरणाऱ्याच्याच घरातल्या माणसानं उडवायचा. परक्याच्या हाती काय देतोय ते माणूस बघतो न बघतो. आपल्या माणसाच्या हाती देताना दोनदा बघतो. सटवाजी घरात एकटाच पुरुष, तो स्वतः उडवणार होता. हैबतीकडून भिवा. त्याची नजर पक्की होती. आई गेली तेव्हा भिवा रांगत होता. हैबतीनंच त्याला खांद्यावर खेळवून मोठा केला होता.

कसोटी जवळ आली. सटवाजी नदीवर आंघोळीला गेला होता. हैबती मेण मागायच्या निमित्तानं त्याच्या ओसरीवर चढला. घर उघडंच होतं, वाडीत कुलूप कुणीच लावत नसे. खुंटीवर शिंगाचं ते मोठं माप लटकत होतं.

हैबती त्याच्याकडे बघतच राहिला. 'हे आहे होय गौडबंगाल! हा दुप्पट दारू घालतो आणि आम्ही वाडवडिलांचा चिकूपणा कवटाळून बसलोय. म्हणून याची गोळी पोचते आणि माझी पडते.' आपली गोळी कधी निशाणावरूनही निघून जाते, हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. आठवायला नको होतं म्हणा ना. त्यानं माप काढलं, मुंडाशात खोवलं आणि घरी आला.

संध्याकाळी सटवाजी अंगण ओलांडून आला. हैबती पुड्या बांधत होता, म्हणून पायरीवर थांबला. गाठ बसल्यावर बोलला.

"हैबतीदादा, माझं माप कुठं दिसलं का?"

"मी काय तुझ्या मापाचा राखणदार?"

"तसं नव्हे दादा. माप गेल्याचं दुःख नाही, दुसरं कापीन. पण माझी दारू मंद, म्हणून ते माप मोठं. ते कुणाच्या हाती पडलं आणि त्यानं त्यात तिखट दारू भरली, तर नळी फुटेल. कुणाचा तरी जीव जाईल. त्याचा घोर लागलाय मला."

एवढं बोलून तो घरोघर तेच सांगायला गेला. हैबतीची बायको तुळसा दारातून ऐकत होती. मुंडासं सोडताना नवऱ्याजवळ काय होतं ते तिनं दुपारीच पाहिलं होतं.

"अहो, ते देऊन टाका," ती म्हणाली. "माणूस खरं बोलतोय."

"खरं?" हैबती हसला. "अगं, गुपित हातचं गेलं म्हणून मला भिववायला आलाय. एवढा साधा असता तर बुरुजावर त्याचे बार गेले असते का? तू गप बस."

बघा बरं. सांगणारा स्वतः दारात येऊन सांगून गेला. आणि यानं काय ऐकलं? ज्याच्या मनात जळफळाट असतो त्याला समोरच्याच्या तोंडूनही जळफळाटच ऐकू येतो. एक बार आधी उडवून बघावा, असं एकदा हैबतीच्या मनात आलं. पण आवाज वाडीभर जाईल, सटवाजी विचारायला येईल. म्हणून तेही राहिलं. त्यानं आपली तिखट दारू सटवाजीच्या मापानं भरली, वर बोट फिरवलं आणि पुडी बांधली. या खेपेला माप अगदी काटेकोर भरलं होतं.

कसोटीच्या दिवशी सगळी वाडी गडाखालच्या माळावर जमली. मातीच्या ढिगावर मडकी मांडली होती. किल्लेदार खाटेवर बसला होता, चावी त्याच्या शेजारी उशीवर ठेवलेली. हैबतीला मडकी दिसत नव्हती, किल्लेदार दिसत नव्हता. त्याला चावीच दिसत होती.

सटवाजीनं कळकाच्या बांबूचं नवं माप कापून बार भरला होता. त्यानं बंदूक उचलली, श्वास रोखला, चाप ओढला. मडकं फुटलं. किल्लेदारानं मान हलवली.

मग भिवा पुढे झाला. हैबतीनं त्याच्या हातावर पुडी ठेवली. भिवा ती फोडणार एवढ्यात सटवाजीची नजर तिच्यावर गेली. आयुष्यभर पुड्या बांधलेला माणूस तो, त्याला वजन डोळ्यांनी कळायचं. तो घाईघाईनं हैबतीपाशी आला आणि चारचौघांत त्याचा अपमान होऊ नये म्हणून हळूच म्हणाला, "दादा, पुडी जाड दिसतेय. तुझ्या दारूला ही जास्त होईल. एकदा सोडून बघ, मी किल्लेदारांना थांबायला सांगतो."

भिवानं ते ऐकलं. त्यानं भावाकडे पाहिलं. "दादा, उडवू ना?"

इथं हैबतीला अजून वेळ होता. नुसतं 'थांब' म्हणायचं होतं. पण पुडी सोडली तर माप निघणार, माप निघालं तर चोरी निघणार, आणि उशीवरची ती चावी समोरच्याच्या कमरेला जाणार. तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "याच्या पोटात दुखतंय, भिवा. तू उडव."

भिवानं भावावर विश्वास ठेवला. पुडी फोडली, नळीत ओतली, ठासली, बंदूक खांद्याला लावली.

आवाज झाला तो बंदुकीचा नव्हता. नळी मधोमध फाटली. धूर विरला तेव्हा मडकं जागच्या जागी होतं आणि भिवा जमिनीवर पडला होता. सटवाजी सगळ्यांत आधी धावला. त्यानं स्वतःचं मुंडासं फाडून भिवाच्या हाताला आवळून बांधलं. भिवा वाचला. पण उजव्या हाताची बोटं गेली आणि ती पक्की नजर, तीही एका बाजूनं विझली.

हैबती भिवावर वाकला. घरी कुणाच्या हाती लागू नये म्हणून मुंडाशात खोवलेलं ते शिंगाचं माप घरंगळलं आणि धावत आलेल्या किल्लेदाराच्या पायापाशी जाऊन थांबलं. विचारायला काही उरलंच नव्हतं.

भिवाच्या जखमा सुकल्यावर किल्लेदार वाडीत आला. चावी सटवाजीला दिली आणि हुकूम केला, "हैबतीची दारू सगळी नदीत ओता. माणूसमारी दारू आहे ती."

सटवाजी हात जोडून म्हणाला, "सरकार, दारूचा दोष नाही. ओतण्याआधी एक बार मला भरू द्या."

तुळसेनं घरातून दारू आणली. हैबतीच्या आजोबांचं ते अंगठ्याएवढं माप कोनाड्यात धूळ खात पडलं होतं, तेही आणलं. सटवाजीनं ते पुसलं, भरलं, वर बोट फिरवलं, पुडी बांधली. दुसरी बंदूक आणवली. अंगणाच्या मोकळ्या टोकाला मातीचा ढीग घालून त्यापुढे मडक्यांच्या दोन रांगा मांडल्या. सगळे लांब सरकले. हैबती ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्याच्या शेजारी भिवा, हात गळ्यात बांधलेला.

सटवाजीनं बार काढला. समोरचं मडकं फुटलं. मागच्या रांगेतलंही फुटलं. गोळी त्यामागच्या ढिगात इतकी खोल रुतली की दुसऱ्या दिवशी बायकांना ती खणून काढावी लागली.

किल्लेदार ढिगापर्यंत चालत गेला आणि गोळीनं पाडलेल्या भोकात बोट घालून पाहिलं. मग त्यानं हैबतीकडे मान वळवली. "असा बार माझ्या बुरुजावर कधी आला नव्हता. हा तुझ्या घरचा. तुझी दारू, तुझं माप. इतकी वर्षं कुठं होता हा?"

बोलला तो भिवा. "सरकार, दादाचं लक्ष समोर असायचं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हैबतीला बरं वाटलं असतं. तो खांबाला धरून लहान मुलासारखा रडला.

किल्लेदारानं दारू नदीत ओतली नाही. हैबतीनं मात्र त्या दिवसापासून आपली बसायची जागा बदलली. अंगणाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड. त्याच्या पुड्या पुढे बुरुजावर जाऊ लागल्या, सटवाजीच्या शेजारच्या पेटीत. मत्सर एका दिवसात गेला का? छे हो. कधीकधी समोर कुणाचा आवाज आला की त्याची मान वळू पाहायची. मग शेजारी बसलेला भिवा डाव्या हातानं पुढचा कागद पुढे करायचा. तो हात दिसला की हैबतीची मान तिथंच थांबायची.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या मापाकडे बघून जळणाऱ्याला आपल्या घरच्या दारूचं बळ कळत नाही, आणि त्याच्या जळण्याची किंमत त्याच्यावर विश्वास टाकणारं माणूस मोजतं.