न मारलेलं टिंब

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते विचारू नका. एक घाट होता, घाटातून रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावर ट्रक धावत होते, एवढी जुनी.

घाटाच्या पायथ्याच्या गावात एक म्हातारा मिस्त्री राहायचा. हत्यारं त्याच्याकडे बेताचीच होती, पण कान असा की बोलायची सोय नाही. चालू इंजिनला लांब सळईचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानामागे लावायचं, डोळे मिटायचे आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचं. आवाज कुठून येतो, हे तो कुणाला विचारत नसे. तो सांगे आणि तिथेच बिघाड निघे. घाटावरच्या वस्त्यांचं मीठ, धान्य, आजारी माणसं, सगळं ट्रकनेच जायचं. त्यामुळे चढ लागायच्या आधी जो तो आपलं इंजिन त्या कानाला ऐकवून मगच पुढे जाई.

त्याच गावात एक ट्रकवाला होता. माणूस वाईट नव्हता, पण शाबासकीचा भुकेला होता. एकदा त्याचं इंजिन थकलं, तेल पिऊ लागलं, धूर सोडू लागलं. मिस्त्रीच्या हाती काम होतं, म्हणून त्याने आठ दिवस थांबायला सांगितलं. पण आठ दिवस थांबेल तो ट्रकवाला कसला! आपणच घरी इंजिन खोलायचं, आपणच बांधायचं, मग गाव काय म्हणतं ते बघू, असं त्याच्या मनाने घेतलं.

मिस्त्री रागावला नाही. उलट त्याने लोखंडावर टिंबं ठोकायचा आपला पोलादी पंच काढून त्याच्या हातात ठेवला. इंजिनच्या पोटात सहा दांडे असतात आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला त्याचं त्याचं झाकण असतं. दुसऱ्याचं झाकण लावलं तर ते बसल्यासारखं दिसतं, पण बसत नाही.

“बाकी कायबी इसरलास तरी चालंल,” मिस्त्री म्हणाला. “पर खोलायच्या आधी दांड्यावर आन् त्याच्या झाकनावर टिंबं मार. पयल्याला एक, दुसऱ्याला दोन. मंग जोडी चुकायची न्हाई.”

ट्रकवाल्याने मान हलवली. घरी येऊन त्याने ओसरीवर पोतं अंथरलं आणि भराभर इंजिन खोललं. टिंबं कशाला हवीत, ओळीने मांडलं की झालं, असं म्हणून पंच बाजूला ठेवला. दुपारी अचानक पाहुणे आले. त्यांना टेकायला जागा हवी, म्हणून त्याने सगळे भाग घमेल्यात ओतले आणि घमेलं कोपऱ्यात सरकवलं. पाहुणे पोहे खाऊन गेले. झाकणं मात्र एकमेकांत मिसळली ती मिसळलीच.

चार झाकणं त्याने ओळखली. तिसरं कुठलं आणि चौथं कुठलं, ते काही केल्या कळेना. शेवटी अंदाजाने लावली. इंजिन सुरू झालं, बायकोने नारळ फोडला, आणि मिस्त्रीवाचून इंजिन बांधलं म्हणून गावाने त्याची पाठ थोपटली. त्याने पंच पुसून परत केला.

पहिल्याच चढाला आतून खटखट ऐकू आली. ट्रकवाल्याचा चेहरा उतरला. तो तिथूनच वळला आणि मिस्त्रीच्या दारात आला. मिस्त्रीने सळई लावली, डोळे मिटले. मग एकेक करून डिझेलच्या नळ्यांचे नट सैल केले. तिसऱ्या नळीचं डिझेल तोडलं की खटखट दबायची.

“खालनं येतोय आवाज,” तो म्हणाला. “तिसऱ्या दांड्यापाशी. चेंबर उघडून बघू.”

चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं. ते उघडलं की झाकणं दिसणार, आणि झाकणांवर टिंबं नाहीत हेही दिसणार. समोर चहाच्या टपरीवर परवा पाठ थोपटणारीच माणसं बसली होती. ट्रकवाला म्हणाला, खालचं सगळं मी स्वतः निरखून बांधलंय, तिथे काही असणं शक्य नाही.

“टिंबं मारली व्हतीस?” मिस्त्रीने विचारलं.

“मारली व्हती.”

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. ज्याने स्वतःच्या हाताने बांधलं, तो खोटं कशाला सांगेल, असा साधा हिशेब त्याने केला. मग तीन दिवस तो वरच शोधत राहिला. डिझेल फवारणारे नोझल बदलले, पंपाचं टायमिंग पुन्हा लावलं, डिझेलची टाकी धुतली. खटखट होती तिथेच होती. तिसऱ्या दिवशी त्याने सळई खाली ठेवली.

“मला अजून खालनंच ऐकू येतंय,” तो हळूच म्हणाला. “आन् तू म्हन्तोस खाली काय न्हाई. म्हंजे माझा कानच गेला.”

तेव्हा दोन शब्द बोलले असते तर सगळं वाचलं असतं. ट्रकवाल्याच्या ते ओठांवरही आले होते. पण टपरीवरची माणसं कान देऊन ऐकत होती, आणि तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीने आलेले ट्रक परत पाठवायला सुरुवात केली.

आठवड्याने भर घाटात ट्रकवाल्याचा तिसरा दांडा तुटला आणि इंजिनला भोक पाडून बाहेर आला. रस्ताभर तेल सांडलं. त्या तेलात त्याला ते झाकण सापडलं. त्यावर एकही टिंब नव्हतं. त्याला ट्रकचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्या खाली ठेवलेल्या सळईचं वाटलं.

तो तसाच पायी खाली उतरला आणि टपरीसमोर, सगळ्यांच्या देखत, झाकण मिस्त्रीच्या हातात देऊन खरं काय ते बोलला. मिस्त्रीने टिंब असायला हवं होतं त्या जागेवरून अंगठा फिरवला. 

“म्हंजे कान बराबर व्हता,” एवढंच तो म्हणाला.

“व्हता, मिस्त्री. चूक माझी व्हती.”

ट्रकवाल्याला वाटलं, फिटलं. दोन दिवसांनी एक परका ट्रक दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्यानेच आग्रह करून मिस्त्रीला उठवलं आणि सळई हातात दिली. मिस्त्रीने ती इंजिनला टेकवली, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्याची मान किंचित हलली. बिघाड त्याला ऐकू आला होता, हे ट्रकवाल्याने ओळखलं.

पण मिस्त्रीने बिघाड सांगितला नाही. त्याने सळई खाली घेतली आणि जन्मात प्रथमच त्या परक्या ट्रकवाल्याला विचारलं, “तुला काय वाटतंय? वरनं येतोय, का खालनं?”

बाजूला उभ्या असलेल्या आपल्या ट्रकवाल्याला मान वर करवेना. तुटलेल्या इंजिनच्या जागी पुढे त्याने नवं बसवलं. पण मिस्त्री मरेपर्यंत प्रत्येक ट्रकवाल्याला तेच विचारत राहिला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपली चूक झाकायला आपण खोटं बोलतो, तेव्हा विश्वास ठेवणाऱ्याचा स्वतःवरचाच विश्वास मोडतो, आणि मागाहून सांगितलेल्या खऱ्याने तो पुन्हा जोडता येत नाही.