राजा नसलेले बन

जिथे वाळवंट संपून समुद्र लागतो, तिथल्या एका खजुरीच्या बनात एक सांडणी राहत असे. बनात गोड पाण्याचा एकच झरा होता आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या सिंहांच्या एका घराण्याची सत्ता होती. मुलांनो, झाले असे की त्या घराण्यातला शेवटचा सिंह दूरच्या एका लढाईत हरला आणि बन तसेच टाकून निघून गेला. ही बातमी लागताच समुद्रापलीकडचे लांडगे किनाऱ्यावर येऊन बसले.

"आता राजा मी!" घोडा म्हणाला. "माझ्याइतके जोरात कोण धावते?" ससाण्याला ते पटेना. "माझ्याइतके दूरचे कोणाला दिसते?" रानबोकडाने तर शिंगेच रोखली. तिघांपैकी कोणीही राजा झाला, तरी उरलेले दोघे त्याला सुखाने बसू देणार नाहीत, हे सांडणीने ओळखले. ती म्हणाली, "राजा हवाच कशाला? तुम्ही तिघे आणि मी, असे चौघे मिळून कारभार पाहू. चौघांचे एकमत झाले, तरच हुकूम निघेल. आणि आम्ही चुकलो, तर कोणीही जाब विचारावा, अगदी उंदरानेसुद्धा!" त्या मुलखात असे आधी कधी घडले नव्हते. मग एक म्हातारे कासव पुढे सरकत म्हणाले, "करून तर बघू या, बाबांनो. सिंहाच्या राज्यात माझी पाण्याची पाळी कधी आलीच नाही."

आणि काय सांगू, बन पालटले! झऱ्यावर पाळ्या लागल्या. एका सकाळी घोडा कासवाच्या मागे उभा राहून मुकाट्याने वाट पाहत होता. ते पाहायला लांबलांबून ससे आले होते म्हणे. लांडग्यांनी दोनदा हल्ला केला. दोन्ही वेळा ससाण्याने वरून इशारा दिला, बोकडाने शिंगे चालवली, घोड्याने लाथा झाडल्या आणि लांडगे शेपूट घालून पळाले. मग मात्र त्यांनी दात लपवले आणि तोंडात साखर घोळवली. त्यांचा म्होरक्या घोड्याला एकट्याला गाठून म्हणाला, "लढलास तू आणि मान चौघांना? राजा खरा तूच शोभतोस." हेच शब्द त्याने बोकडालाही ऐकवले. झाले! दोघे एकमेकांवर तुटून पडले. ससाणा वैतागून डोंगरावर निघून गेला. सांडणी एकेकाच्या विनवण्या करत फिरली, "अरे, लांडग्याने घातलेला मुकुट किती दिवस डोक्यावर राहील?" पण कोणी ऐकेना. या कारभाराच्या चौथ्या वर्षी लांडगे बनात शिरले, तेव्हा त्यांना अडवायला कोणीच नव्हते.

म्होरक्या ऐटीत सांडणीपुढे आला. "मला एकदा राजा म्हण, की झऱ्याकाठची सावली तुझी." सांडणी आता फार थकली होती. तरी ती मान ताठ ठेवून म्हणाली, "झरा तू घेतलास. माझी जीभ अजून माझीच आहे, ती तुला राजा म्हणणार नाही." मग कासवाला पाठीवर घेऊन ती वाळवंटाकडे चालू लागली. ससे, उंदीर, शेळ्या, ज्यांना चालवत होते ते सारे तिच्यामागे निघाले. सातव्या दिवशी त्यांना एक खारट पाण्याची विहीर लागली आणि तिथेच सांडणीने अंग टाकले. कासव तिच्या कानाशी रडत म्हणाले, "आता आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?" सांडणी हसली. "एकमेकांच्या," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले. सगळ्यांनी मिळून तिला वाळूत पुरले. मग ते विहिरीभोवती बसले आणि ऊन चढण्याआधी त्यांनी आपल्यातून चौघे निवडले.

तात्पर्य : आपसातल्या भांडणाने स्वराज्य हातचे जाते; पण ज्यांनी ते एकदा अनुभवले, ते पुन्हा कोणाचे गुलाम म्हणून जगायला राजी होत नाहीत.