देवीला बोलावणारा यजमान

सन १९९४, माघ महिना. पळसाला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. मुंबईच्या एका कलादालनाने आमच्या वारली पाड्यावरच्या बायकांना भिंत रंगवायला बोलावले. त्यांच्यातल्या देवलीसोबत मीही गेलो. तिथल्या भिंती इतक्या पांढऱ्या, की धुक्यात शिरल्यासारखे वाटे.

दालनाचे प्रमुख अभ्यंकर म्हणाले, "लग्नातला देवीचा चौक काढा."

देवली म्हणाली, "लग्नाशिवाय चौक काढत नाहीत. देवी कोपते."

त्यांनी वर्तमानपत्र पुढे धरले. "उद्या इथे देवी बसणार, ही बातमी माझ्या नावाने छापून आली आहे. चौक नसेल, तर पुन्हा तुमच्या पाड्याला बोलावणे नाही."

देवलीने पेपर घेऊन उलटसुलट पाहिला.

"मग देवीला तूच बोलावलीस, सायेब. बोलावणारा तो यजमान. मांडव तुझा, जेवणही तुझे."

"आणि लग्न कोणाचे?"

"माझे. नवरा सोबत आणलाय. तो बघ, दाराबाहेर बिडी ओढतोय."

आमच्यात ऐपत नसली की जोडपे तसेच नांदते, लग्न मागाहून होते. माझे आणि देवलीचे लांबत गेले आणि नातवंडे झाली.

अभ्यंकर स्वतःच्याच बातमीत अडकले. दुसऱ्या दिवशी सगळा पाडा आला. सवाशिणींनी पांढरी भिंत गेरूने सारवून चौक काढला. तारपा वाजू लागला, तशी तांदळाच्या पिठाची झाडे भिंतीवर डोलल्यासारखी दिसली आणि पाखरे छतापर्यंत गेली. अभ्यंकर पंगतीत भात वाढत होते. देवलीला हळद लागली.

तिचे लग्न माझ्याकडे देणे राहिले होते. ते फिटले.