एका हंड्यातला भात

फार फार पूर्वी, राज्यांना नावं नव्हती पण नद्यांना होती, तेव्हा भात पिकवणाऱ्या एका राज्यात ही गोष्ट घडली.

सकाळ रोजच्यासारखीच होती. राजाचा कोठावळा कोठाराच्या दारात बसून आलेल्या भाताची पारख करत होता. दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजला की दाणा पुरता वाळलेला, पोतं आत; नाही वाजला की परत. तेवढ्यात कांडपिणींच्या आळीतून निरोप आला, "थोरली गेली."

कोठावळ्याने मान हलवली आणि पुढचा दाणा दाताखाली धरला. तो वाजला की नाही, हे त्याला कळलं नाही.

थोरली म्हणजे भात कांडणाऱ्या बायांमधली सगळ्यांत वयस्क. पूर्वी सुगी संपली की ती खळ्यावर मोठा हंडा चढवायची. शेतकरी, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी, कांडपिणी, कोठावळा, नावाडी, भाताला ज्याचा हात लागला तो प्रत्येकजण तिथे नव्या तांदळाचा भात जेवायचा. जेवता जेवता भांडायचाही. वाढायची मात्र थोरलीच, आणि जेवायचीही सगळ्यांच्या मागून.

कोठावळ्याने ती पंगत बंद केली. "कामाचा दिवस बुडतो," तो म्हणाला होता.

पुढे तांदूळ तुटू लागला. मुसळाखाली निम्म्याची कणी व्हायची. शेजारच्या राज्याने तांदळाच्या नावा परत धाडल्या. राजा संतापला आणि कांडपिणींना काढून परमुलखातून माणसं आणायचं त्याने ठरवलं.

तेव्हा थोरली कोठावळ्याकडे आली होती. "बाबा, आमचे हात तेच आहेत. एकदा सगळ्यांना जेवायला बसव. कुठे बिनसलं ते तिथेच कळेल."

"बघू. ही सुगी आटपू दे," तो म्हणाला होता.

आता तिच्या तेराव्याला सगळे आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण पंगत आपोआप तीच बसली.

पानात भात पडला आणि नावाडी म्हणाला, "हा भात म्हणायचा की पेज?"

थोरलीची सून वाढता वाढता थबकली. "नाव वल्हवता तेवढी जीभ नका वल्हवू, काका. दाणा आमच्याकडे येतो तोच आतून तडकलेला."

"तडकेल नाही तर काय होईल?" एक शेतकरी म्हणाला. "पापडासारखा उन्हात टाकावा लागतो."

"मग टाकता कशाला?" पाटकऱ्याने विचारलं.

शेतकरी पानाकडे बघत म्हणाला, "हल्ली दाताखाली कट् वाजला नाही की पोतं परत येतं."

कोणीच कोठावळ्याकडे पाहिलं नाही. त्यामुळेच त्याला सगळं कळलं. त्याच्या कोठारात कधी बुरशी आली नव्हती, याचा त्याला केवढा अभिमान होता! हातातला घास त्याने हळूच पानात ठेवला.

"ही गोष्ट मला आधी कोणी का नाही सांगितली?"

"कुठे सांगायची, दादा?" सून म्हणाली. "बसायची जागाच राहिली नव्हती."

दुसऱ्या दिवशी तो राजासमोर उभा राहिला. "महाराज, तांदूळ मुसळाने नाही तुटला. माझ्या दाताने तुटला."

राजाने हुकूम मागे घेतला. कांडपिणी राहिल्या. पुढच्या सुगीला खळ्यांवर मांडव उभे राहिले, भात सावलीत वाळला. दमट दाण्याला वारा लागावा म्हणून कोठाराच्या भिंतींना झरोके आले. तांदूळ अखंड निघाला, नावा भरून गेल्या आणि रिकाम्या परत आल्या.

लहानांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: प्रत्येकाने आपलं काम चोख केलं तरी एकमेकांचं ऐकून घेतलं नाही, तर सगळ्यांचं मिळून काम बिघडतं.

खळ्यावरचा हंडा आता दरवर्षी चढतो. कोठावळा स्वतः वाढतो, सगळ्यांच्या मागून जेवतो. थोरलीला एकदा पानावर बसवून वाढायचं मात्र राहून गेलं.