सरांना सांगता येईना

आमच्या जत्रेच्या तंबूत उडणाऱ्या सुपरहिरोच्या इनोदी पिच्चरचा दुसरा भाग लागायचा होता. पुण्याचे समीक्षक प्रभुणे सर जत्रा कमिटीला म्हणाले, "मी बघितलाय. निव्वळ भिकार! रद्द करा." कमिटीनं माना डोलावल्या. आम्हा बायकांची तोंडं उतरली.

मी म्हणलं, "सर, रद्द तर रद्द. पण त्यातली सगळ्यात भिकार जागा कंची, तेवढं सांगा की!"

सर ऐटीत उठले. "तो ऐन रुबाबात उडायला जातो, आणि त्याचा झगा... म्हशीच्या शिंगात... आणि ती म्हैस..." पुढं बोलवंचना. सर पोट धरून हसत खालीच बसले.

"म्हशीनं काय केलं?" अख्खी कमिटी वरडली.

मी म्हणलं, "सरांना तर सांगता येईना. आता पडद्यावरच बघाय लागंल!"